बालचित्रवाणी : पुण्यातून आकाशात, आकाशातून देगलूरला

१५ ऑगस्ट १९८२ रोजी दूरदर्शनचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला आणि दुसऱ्याच दिवशी, १६ ऑगस्टला, उस्मानाबादपासून वेगळा होऊन लातूर जिल्हा अस्तित्वात आला. मराठवाड्याच्या या कोपऱ्यात जिल्हा आणि दूरचित्रवाणी अशी जोडीनेच वाढली. त्या सुमारास जन्मलेली लातूर-नांदेडकडची मुले आज चाळिशीत आहेत. त्यांच्यासमोर ‘बालचित्रवाणी’ एवढा शब्द उच्चारला, तरी अनेकांना आधी शीर्षकधून आठवते आणि मग कार्यक्रम. दप्तर भरून ठेवलेले असायचे, शाळा दुपारची असायची, आणि जेवून निघायच्या आधी टीव्हीवर कुणीतरी मराठीत एखादा प्रयोग, एखादी गोष्ट किंवा कागदाची एखादी घडी दाखवत असायचे.

नियमाने पाहिले तर बालचित्रवाणी ही वाहिनी नव्हती. ती पुण्यातली एक सरकारी संस्था होती आणि तिचे कागदोपत्री नाव ‘राज्य शैक्षणिक तंत्रविज्ञान संस्था’ असे होते. स्वतःची लहरलांबी, स्वतःचा मनोरा, स्वतःचा उपग्रह यांतले तिच्याकडे काहीही नव्हते. तिचे काम दूरदर्शनच्या पडद्यावर, ठरवून दिलेल्या वेळेत दिसे. तरीही पाहणाऱ्या मुलांच्या लेखी ती वाहिनीच होती, कारण तिला स्वतःचे नाव, स्वतःचे संगीत आणि स्वतःचा स्वभाव होता. फक्त मराठी मुलांसाठी, फक्त मराठीत, जाहिरातींशिवाय आणि फुकट चालणारी अशी दुसरी दूरचित्रवाणी सेवा त्यानंतर तेवढा काळ टिकली नाही. बालचित्रवाणी तेहतीस वर्षे चालली. ती उभी कशी राहिली ही विज्ञानाच्या इतिहासातली अद्भुत गोष्ट आहे. ती बंद कशी पडली ही मात्र पगाराच्या नोंदवहीतली गोष्ट आहे. दोन्ही नीट सांगायला हव्यात.

सुरुवात शेजारच्या गुलबर्ग्यापासून करावी लागते. १ ऑगस्ट १९७५ ते ३१ जुलै १९७६ असे बरोबर एक वर्ष भारताने जगातला एक विलक्षण प्रयोग केला. अमेरिकेच्या ‘नासा’ने ‘एटीएस-६’ नावाचा आपला उपग्रह वर्षभरासाठी भारताला वापरायला दिला आणि ‘इस्रो’ने त्याच्या साहाय्याने सहा राज्यांतल्या सुमारे २,४०० खेड्यांत थेट उपग्रहावरून दूरचित्रवाणी पोहोचवली. ‘साइट’ या नावाने हा प्रयोग ओळखला जातो. राजस्थान, बिहार, ओरिसा, मध्य प्रदेश, आंध्र प्रदेश आणि कर्नाटक ही ती राज्ये. कर्नाटकातले जिल्हे होते गुलबर्गा, रायचूर आणि विजापूर. म्हणजे विजापूर सोडले, तर एकेकाळी निजामाच्या राज्यात लातूर-नांदेडच्या बरोबरीने असलेल्या मुलखात हा प्रयोग झाला. महाराष्ट्राची खेडी मात्र त्यात नव्हती.

प्रयोगातल्या खेड्यांत शाळेच्या किंवा पंचायतीच्या छपरावर सुमारे तीन मीटर व्यासाची एक छत्री बसवलेली असे. कोंबड्यांच्या खुराड्याला लावतात त्या तारेच्या जाळीतूनच ती बनवलेली होती. स्वस्त, हलकी आणि गावातल्या लोहाराला दुरुस्त करता येईल अशी. वीज नसलेल्या काही गावांत संच बॅटरीवर चालवले गेले. रोजच्या चार तासांच्या प्रक्षेपणातला सकाळचा दीड तास मुलांचा होता. चार भाषांना प्रत्येकी साडेबावीस मिनिटे. संध्याकाळी शेती, आरोग्य, कुटुंबनियोजन अशी मोठ्यांची पाळी. पाहणी करणाऱ्यांना असे आढळले, की परीक्षेचे गुण फारसे वाढले नसले तरी या मुलांची बोलण्याची आणि विचारण्याची ताकद वाढली. मला हा निष्कर्ष अतिशय मोलाचा वाटतो. गुण मोजणे सोपे असते. प्रश्न विचारू लागलेले मूल मोजपट्टीत सहज सापडत नाही.

या प्रयोगाचे स्वप्न विक्रम साराभाईंचे होते. ते १९७१ च्या डिसेंबरात गेले आणि प्रयोग त्यांच्या सहकाऱ्यांनी पुरा केला. अहमदाबादच्या अवकाश उपयोग केंद्राचे प्रमुख यशपाल होते आणि साइटच्या कार्यक्रमाची धुरा होती एकनाथ चिटणीस यांच्याकडे. चिटणीस मूळचे कोल्हापूरचे, पुढे पुण्यात स्थायिक झाले आणि शंभरी पूर्ण करून ऑक्टोबर २०२५ मध्ये गेले. खेड्यातल्या मुलासाठी उपग्रह वापरायचा, ही कल्पना प्रत्यक्षात आणणाऱ्यांत एक मराठी माणूस अगदी पुढे होता, हे आपल्याकडे फार थोड्यांना माहीत आहे.

वर्ष संपताच अमेरिकेने उपग्रह परत नेला आणि छत्र्या मुक्या झाल्या. म्हणून स्वतःचा उपग्रह हवा होता. ‘इन्सॅट-१ए’ एप्रिल १९८२ मध्ये सुटला आणि सप्टेंबरात निकामी झाला. त्याच्या जागी ‘इन्सॅट-१बी’ ३० ऑगस्ट १९८३ रोजी ‘चॅलेंजर’ या अवकाशयानातून गेला. अमेरिकेच्या ‘स्पेस शटल’ यानांचे रात्रीच्या अंधारात झालेले ते पहिले उड्डाण होते. वर गेल्यावर उपग्रहाचे सौरपंख अडकून बसले. दोन आठवडे अभियंते जमिनीवरून खटपट करत राहिले आणि सप्टेंबरच्या मध्यावर पंख उघडले. ते उघडले नसते तर पुढे जे सांगायचे आहे त्यातले काहीच घडले नसते. त्या काळात, १९८३ ते १९८६, केंद्रात विज्ञान-तंत्रज्ञान आणि अवकाश खात्यांचे राज्यमंत्री होते शिवराज पाटील चाकूरकर, म्हणजे लातूरचे खासदार. आपल्या जिल्ह्यातल्या मुलांपर्यंत चित्र नेणाऱ्या उपग्रहाचे खाते त्याच जिल्ह्याच्या प्रतिनिधीकडे असावे, असा योग क्वचितच येतो.

आता उपग्रह होता, पण त्यावरून मुलांना दाखवायचे काय? सुरुवातीला शैक्षणिक कार्यक्रम दूरदर्शनच बनवत असे. पुढे केंद्र सरकारने ठरवले, की शिक्षणाचे कार्यक्रम शिक्षण खात्यानेच करावेत. त्यासाठी दिल्लीत एनसीईआरटीच्या अंगणात एक केंद्रीय संस्था उभी राहिली आणि सहा राज्यांत सहा राज्य संस्था : हैदराबाद, पाटणा, अहमदाबाद, भुवनेश्वर, लखनौ आणि पुणे. पुण्याची संस्था १९८४ च्या जानेवारीत सुरू झाली. सेनापती बापट मार्गावर, पाठ्यपुस्तके छापणाऱ्या ‘बालभारती’च्या शेजारी. पुस्तकाला चित्र आणि आवाज देणारी संस्था पुस्तकाच्या दारातच बसली, ही जागेची निवड फार शहाणपणाची होती. सहांपैकी हिंदीचा भार उत्तर प्रदेश आणि बिहारने वाटून घेतला होता. त्यामुळे पाच भाषा झाल्या : हिंदी, मराठी, गुजराती, तेलुगू आणि उडिया. प्रत्येक भाषेला रोज पंचेचाळीस मिनिटे मिळत. त्यात पाच ते आठ वर्षांच्या मुलांसाठी एक भाग, नऊ ते अकराच्या मुलांसाठी दुसरा भाग आणि मध्ये छोटीशी जोडफीत. एकाच उपग्रहावरून पाच भाषांतली मुले एकापाठोपाठ आपापली शाळा पाहत, हे दृश्य मला आजही थक्क करते.

पंचेचाळीस मिनिटे ऐकायला थोडी वाटतात. रोज वीस मिनिटांचा एक नवा भाग बनवायला काय लागते ते ज्यांनी केले त्यांनाच ठाऊक. आधी विषय ठरायचा, तोही अभ्यासक्रमाशी नाते राखून, पण धडा पुन्हा वाचून दाखवल्यासारखा होणार नाही असा. मग शिक्षक, विषयतज्ज्ञ आणि लेखक बसून संहिता लिहीत. चौथीतल्या मुलाला ‘बाष्पीभवन’ कसे दाखवायचे, यावर मोठी माणसे तासन् तास बोलत. मग बाहुल्या, नकाशे, प्रतिकृती, कार्डावर काढलेली चित्रे तयार होत. बालकलाकार शोधावे लागत, त्यांची शाळा बुडू नये म्हणून वेळा जुळवाव्या लागत. शेवटी स्टुडिओतले किंवा बाहेरचे चित्रीकरण, संकलन, संगीत आणि मग जाडजूड कॅसेट. त्या काळची कॅसेट हातात घेतली तर ती आजच्या मोबाइलपेक्षा कितीतरी जड लागते आणि तिच्यात मावते जेमतेम तासाभराचे चित्र. अशा कामातून संस्थेने सहा हजारांच्या घरात कार्यक्रम तयार केले. त्यात विज्ञानाचे प्रयोग होते, भूगोल होता, गणिताच्या गमती होत्या, कविता, हस्तकला, गोष्टी आणि महाराष्ट्रातल्या जागांची ओळखही होती. आजच्या वेगाची सवय झालेल्या डोळ्यांना ते भाग संथ वाटतील. पण संथपणा हाच त्यांचा गुण होता. चुंबकाला टाचणी चिकटते हे दाखवून निवेदक थांबायचा, मुलाला ‘का?’ म्हणायला जागा ठेवायचा.

आता पुण्यातल्या त्या फितीचा प्रवास पाहू. दूरदर्शनच्या भूकेंद्रातून तो कार्यक्रम लहरींच्या रूपाने आकाशात झेपावायचा. विषुववृत्तावर सुमारे ३६,००० किलोमीटर उंचीवर, पृथ्वीच्या फिरण्याशी वेग जुळवून एकाच जागी उभा असल्यासारखा दिसणारा उपग्रह तो झेलायचा आणि खाली सोडायचा. पुण्याहून तेलंगणच्या सीमेवरचे देगलूर रस्त्याने साडेचारशे-पाचशे किलोमीटर आहे. चित्र मात्र ७२,००० किलोमीटर जाऊन तिथे पोहोचायचे आणि तेही पाव सेकंदात. एसटीला त्याच अंतराला रात्र लागायची.

उपग्रहावरून खाली आलेले चित्र पकडून आसपासच्या घरांना वाटायला प्रक्षेपक लागत. १९८४ मध्ये देशात प्रक्षेपकांची लाट आली. त्या वर्षी काही महिने जवळजवळ दिवसाला एक नवा प्रक्षेपक सुरू होत होता. यातले बहुतेक लघुशक्तीचे, शंभर वॅटचे. घरातला एखादा बल्ब जेवढी वीज खातो तेवढ्याच ताकदीत पंधरा-वीस किलोमीटरच्या टापूत चित्र पोहोचायचे. त्यापलीकडच्या गावाला उंच बांबू, त्यावर ॲल्युमिनियमच्या काड्यांचा अँटेना आणि खाली अंगणातून ‘आता दिसतंय का?’ असे ओरडणारा एक जण लागायचा. पुढे बालाघाटाच्या डोंगररांगेत अंबाजोगाईला उच्चशक्ती प्रक्षेपण केंद्र झाले आणि पन्नास-साठ किलोमीटरवरच्या लातूरकडच्या खेड्यांचीही सोय झाली. मग अहमदपूर, रेणापूर, औशाकडच्या घरांवरचे अँटेने त्या दिशेला तोंड करून उभे राहिले. पाऊस-वारा झाला की तोंड फिरायचे आणि पडद्यावर मुंग्या यायच्या.

इथे एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. छोटे प्रक्षेपक मुळात उपग्रहावरून येणारा दिल्लीचा कार्यक्रम उचलण्यासाठी होते. मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ पासून मराठी कार्यक्रम करत होते, ‘किलबिल’सारखा मुलांचा कार्यक्रमही होता, पण तो मुंबई-पुण्याच्या मुलांचा. मराठवाड्यातल्या मुलाला टीव्ही म्हणजे संध्याकाळी हिंदी बातम्या आणि हिंदी मालिका. अशा वेळी उपग्रहमार्गे येणारी सकाळची बालचित्रवाणी ही त्याच्या स्वतःच्या भाषेतली आणि त्याच्या स्वतःच्या वयाची चीज होती. पुण्या-मुंबईच्या मुलांना नाटक, बालनाट्य, वाचनालय, मासिके असे दहा मार्ग होते. किनवट किंवा निलंग्याच्या मुलाकडे रेडिओ, पाठ्यपुस्तक आणि हे. म्हणून मला वाटते, की बालचित्रवाणीचे खरे मोल तिच्या जन्मगावापेक्षा दूरच्या तालुक्यांत जास्त होते.

भाषेचा प्रश्न मात्र होता. निवेदनाची मराठी पुण्याची, शुद्ध, स्पष्ट. देगलूर-बिलोलीकडे घरात तेलुगूचे शब्द, उदगीर-देवणीकडे कानडीचे, नांदेड शहरात उर्दूचे आणि तांड्यांवर गोरमाटीचे. किनवटच्या डोंगरात गोंडी आणि कोलामी. या मुलांना पडद्यावरची मराठी पुस्तकासारखीच परकी लागली असणार. तिच्यात ‘कामून’ नव्हते, ‘लेकरू’ नव्हते. सहा हजार भागांत या प्रदेशाची बोली अधिक ऐकू आली असती, तर कार्यक्रम अधिक मुलांचा झाला असता, असे मला मनापासून वाटते. दुसऱ्या बाजूने हेही खरे, की पुढे स्पर्धापरीक्षांना आणि मुलाखतींना सामोरे जाणाऱ्या मराठवाड्यातल्या हजारो मुलांच्या कानांवर प्रमाण मराठी पहिल्यांदा अशाच कार्यक्रमांतून सहजपणे पडली.

शाळेत हे कार्यक्रम किती पाहिले गेले? राष्ट्रीय शैक्षणिक धोरण १९८६ मध्ये आले आणि त्यानंतरच्या योजनेत केंद्राने देशभर प्राथमिक शाळांना तीस हजारांवर रंगीत टीव्ही आणि अडीच लाखांवर रेडिओ-कॅसेट संच द्यायला मदत केली. आकडे भव्य होते. पण टीव्ही शाळेत आला म्हणजे शाळेत लागला असे होत नाही. खेड्यातल्या शाळेला वीजजोडणी हवी, बिल भरायला पैसे हवेत, खोलीला भक्कम कुलूप हवे, आणि नेमक्या त्या वेळी वर्ग रिकामा करून मुलांना समोर बसवणारे गुरुजी हवेत. प्रक्षेपणाची वेळ दिल्लीच्या सोयीची, शाळेची वेळ जिल्हा परिषदेची. महागडी वस्तू बिघडली तर जबाबदारी कुणाची, या भीतीने कितीतरी शाळांत संच मुख्याध्यापकांच्या कपाटात सुरक्षित राहिला. मी यासाठी गुरुजींना दोष देत नाही. यंत्र देणाऱ्यांनी दुरुस्तीचा माणूस दिला नव्हता. त्यात मराठवाड्याचे भारनियमन. दोन हजारच्या दशकात ग्रामीण भागात दिवसाचे कित्येक तास वीज नसे आणि सकाळची वेळ त्यात हमखास सापडे.

म्हणून शाळेसाठी बनवलेली ही दूरचित्रवाणी प्रत्यक्षात घरात पाहिली गेली, तीही अनेकदा शेजाऱ्याच्या घरात. योजनाकारांनी कल्पिलेला वर्ग असा ओसरीवर भरला. कुणी हजेरी घेत नव्हते, कुणी प्रश्नपत्रिका काढत नव्हते आणि तरीही मुले बसत होती. शिक्षणाच्या दृष्टीने यापेक्षा मोठी पावती कोणती?

नव्वदीनंतर परिस्थिती बदलली. केबलवाले लातूर-नांदेडच्या गल्ल्यांत आले. १९९५ मध्ये ‘कार्टून नेटवर्क’ भारतात सुरू झाले आणि दिवसभर चालणारी मुलांची वाहिनी म्हणजे काय हे मुलांना कळले. पुढे ‘पोगो’, ‘हंगामा’ आणि ‘निक’ आल्या. त्यांच्याकडे रंग होते, वेग होता, पैसा होता आणि भाषा हिंदी होती. दूरदर्शनच्या मराठी वाहिनीला ५ एप्रिल २००० पासून ‘सह्याद्री’ हे नाव मिळाले, बालचित्रवाणीचे कार्यक्रम तिथे दिसत राहिले, पण एका घरात आता पन्नास वाहिन्या होत्या आणि दूरनियंत्रक मुलांच्या हातात होता.

तरी स्पर्धेने बालचित्रवाणी बंद पडली असे म्हणणे चुकीचे ठरेल. जाहिरातीवर न चालणाऱ्या संस्थेला प्रेक्षकसंख्या घटल्याने तोटा होत नाही. तिला मारले ते ‘ही कुणाची?’ या अनुत्तरित प्रश्नाने. संस्था जन्मली केंद्राच्या योजनेतून आणि केंद्राच्या पैशावर. पुढे केंद्राचे धोरण असे झाले, की या सहा संस्थांनी स्वायत्त व्हावे आणि आपला खर्च आपण भागवावा. लहान मुलांसाठी फुकट कार्यक्रम करणाऱ्या संस्थेने पैसे कमवायचे कुठून? हळूहळू केंद्राचे अनुदान थांबले. राज्याने ती पूर्णपणे आपली मानली नाही. निर्मितीसाठी निधी राहिला नाही, यंत्रे जुनी झाली, निवृत्तांच्या जागा भरल्या गेल्या नाहीत आणि उरलेल्या कर्मचाऱ्यांचे पगार महिनोन्‌महिने थकले. ज्यांनी दोन पिढ्यांना टीव्हीवरून शिकवले, त्यांना आपल्या पगारासाठी निवेदने द्यावी लागली. २०१७ च्या मे महिनाअखेर राज्य सरकारने संस्था अधिकृतपणे बंद केली.

बंद करताना युक्तिवाद असा होता, की काळ बदलला आहे आणि डिजिटल साहित्याचे काम बालभारतीच्या अखत्यारीतली ‘ई-बालभारती’ करील. त्याच वर्षी ५ सप्टेंबरला केंद्राचे ‘दीक्षा’ हे व्यासपीठ सुरू झाले आणि लवकरच पाठ्यपुस्तकांच्या पानांवर क्यूआर कोड दिसू लागले. पान मोबाइलसमोर धरले की धड्याचा व्हिडिओ उघडतो. ही सोय निःसंशय चांगली आहे. पण तिच्यासाठी मोबाइल लागतो, तोही मुलाच्या हाती, त्यात पैसे भरलेले आणि गावात रेंज. दूरचित्रवाणीला यांतले काहीही लागत नव्हते. एक संच आणि एक अँटेना, की गल्लीतली दहा मुले शिकत.

हा फरक किती मोठा आहे ते तीनच वर्षांनी दिसले. मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या. लातूरच्या शिकवणी वर्गांतली मुले ऑनलाइन गेली, पण लोहा, कंधार, जळकोटकडच्या ऊसतोड आणि मजूर कुटुंबांतली मुले कुठे जाणार? आईवडिलांचा एक मोबाइल, तो दिवसभर रानात. माहूर-किनवटच्या डोंगरात रेंजसाठी टेकडी चढावी लागे. तेव्हा सगळ्यांना पुन्हा टीव्ही आठवला. २० जुलै २०२० पासून सह्याद्री वाहिनीवर ‘टिलीमिली’ ही मालिका सुरू झाली. एमकेसीएल नॉलेज फाउंडेशनने ती पहिली ते आठवीच्या मुलांसाठी तयार केली होती. घरात, अंगणात, परिसरातल्या वस्तूंनी करून बघायचे आणि त्यातून शिकायचे, अशी तिची पद्धत होती आणि ती फार सुंदर होती. अल्पावधीत आणि टाळेबंदीच्या अडचणींत एका संस्थेने हे उभे केले, त्याचे श्रेय तिला द्यायलाच हवे. मात्र राज्याची स्वतःची, अनुभवी, मुलांसाठीच टीव्ही कार्यक्रम बनवणारी संस्था तोवर कुलूपबंद होऊन तीन वर्षे झाली होती. ती चालू असती, तिच्याकडे माणसे आणि यंत्रे असती, तर एप्रिलमध्येच काही सुरू करता आले असते. सुट्टी धरूनही मधले महिने वाचले असते.

दरम्यान जुनी यंत्रणाही मावळत होती. प्रसार भारतीने जमिनीवरचे ॲनालॉग प्रक्षेपक टप्प्याटप्प्याने थांबवले आणि २०२२ च्या मार्चपर्यंत देशातले बहुतेक सगळे बंद झाले. छपरावरच्या काड्यांच्या अँटेनाला आता पकडायला काही उरले नाही. त्यांची जागा ‘डीडी फ्री डिश’च्या थाळीने घेतली आहे. २००४ मध्ये सुरू झालेल्या या सेवेला महिन्याचे भाडे नाही. एकदा थाळी आणि खोका घेतला की झाले. नांदेड-लातूरच्या खेड्यांत ती सर्रास दिसते. साइटच्या जाळीच्या छत्रीने जे १९७५ मध्ये करून दाखवले, तेच ही हातभर थाळी करते : मध्ये मनोरा नाही, केबलवाला नाही, उपग्रहावरून सरळ घरात.

आणि सीमेपलीकडे काय आहे? देगलूरच्या पलीकडे तेलंगण, उदगीरच्या पलीकडे कर्नाटक. तेलुगू मुलांसाठी ‘खुशी’ आणि कन्नड मुलांसाठी ‘चिंटू’ या वाहिन्या २००९ मध्येच सुरू झाल्या. तमिळची ‘चुट्टी’ त्याआधी २००७ मध्ये आणि मल्याळमची ‘कोच्चू’ २०११ मध्ये. या चारही खासगी वाहिन्या चेन्नईच्या एकाच सन समूहाच्या आहेत आणि त्यांचा भर करमणुकीवर आहे. तरी मूल आपल्या भाषेत हसते, आपल्या भाषेत घाबरते, आपल्या भाषेत पात्रांची नावे घेते. मराठीत त्या वर्षांत अशी पूर्णवेळ वाहिनी निघाली नाही. काही कार्टून वाहिन्यांनी मराठी ध्वनिपट्टी दिली आहे, म्हणजे तोंड दुसऱ्याचे आणि आवाज आपला. बिदर आणि उदगीरमध्ये तासा-दोन तासांचे अंतर आहे. या दोन गावांतल्या सहा वर्षांच्या मुलांच्या टीव्हीत मात्र तेव्हा हा एवढा फरक पडला, आणि मराठी बोलणाऱ्यांची संख्या कन्नड बोलणाऱ्यांच्या जवळपास दुप्पट असताना पडला.

२०२२ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात ‘पीएम ई-विद्या’ योजनेतल्या शैक्षणिक वाहिन्यांची संख्या बारावरून दोनशेवर नेण्याची घोषणा झाली, म्हणजे राज्यांना आपापल्या भाषांत वाहिन्या चालवता याव्यात अशी व्यवस्था. त्यांतल्या काही महाराष्ट्राच्या वाट्याला आल्या आणि त्यांचे काम पुण्याच्या राज्य शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेकडे आहे. फ्री डिशवर त्या फुकट दिसतात. पण चोवीस तासांची वाहिनी भरायला साहित्य प्रचंड लागते, आणि नुसता फळ्यासमोर उभा शिक्षक दाखवून सहा वर्षांचे मूल दहा मिनिटेही बसत नाही. बालचित्रवाणीच्या सहा हजार भागांतले चुंबक, बेडूक, सावली, भागाकार आणि चंद्राच्या कला आजही खोट्या झालेल्या नाहीत. चुंबकीय फीत वयाबरोबर झिजते आणि ती वाचणारी बीटाकॅमसारखी यंत्रे आता कुणी बनवत नाही. त्यामुळे प्रत्येक भाग संगणकावर उतरवणे, त्याची सूची करणे, निवडक भाग या नव्या वाहिन्यांवर रोज ठरलेल्या वेळी दाखवणे आणि सोबत किनवट, देगलूर, उदगीरच्या बोलींत नवे भाग बनवायला स्थानिक शिक्षक आणि नांदेडच्या विद्यापीठातले माध्यमांचे विद्यार्थी यांना हाताशी धरणे, हे काम लगेच हाती घ्यायला हवे. पैशाचा हिशेब मांडला तर एखाद्या मध्यम उड्डाणपुलापेक्षाही ते स्वस्त पडेल, आणि या वेळी ते करणाऱ्यांचा पगार कोणत्या खात्याने द्यायचा हे पहिल्याच शासननिर्णयात लिहिलेले असावे.